दप्तरी दाखल

गर्भाची घडण : भाग ९

गेल्या आठवड्यात आपण फळमाशीच्या अंड्याला ऐन मोक्यावर सोडलं. अंडं घालून जेमतेम तीन तास झालेत. एकाचे दोन, दोनाचे चार करत सुमारे सहा हजार केंद्रकं अंड्याच्या कडेला दाटीनं येऊन बसलीत आणि त्यांच्याभोवती पेशींची पटलं नुकती उभी राहिलीत. आईनं अंड्यात भरून ठेवलेला माल, त्याच्या हुकुमानं तयार झालेली हंचबॅक, क्रुपेल वगैरे प्रथिनं, त्यांचे चढउतार, आणि त्यातून प्रत्येक पेशीला मिळालेला पत्ता: तू डोक्याकडची, तू पोटाकडची, तू छातीच्या दुसऱ्या खंडातली. इथवर आपण आलो होतो. एक गोष्ट मात्र मी तेव्हा हातची राखून ठेवली होती. पत्ते वाटणारी ही प्रथिनं पुढच्या काही तासांत त्या जागांवरून नाहीशी होतात.

आणि माशीला पंख फुटायला तर अजून आठवडा आहे! अंड्यातून अळी बाहेर पडायला एक दिवस लागतो. मग चार दिवस ती नुसती खाते, नंतर कोशात जाते आणि दहाव्या दिवसाच्या सुमारास माशी होऊन बाहेर येते. ज्या पेशींचा पुढे पंख होणार, त्या अळीच्या पोटात एका बारीक चकतीच्या रूपात असतात. सुरुवातीला काही डझन, अळी मोठी होईपर्यंत तीस-चाळीस हजार. म्हणजे दहाएक पिढ्या झाल्या. पत्ता मिळाला पणजीच्याही पणजीला, तो सांगणारा कधीच निघून गेला, आणि पणती मात्र न चुकता पंखच घडवते. तिला कोणी सांगितलं?

या लेखमालेत मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच आहे. जनुकं चालू कशी होतात हे आपण बऱ्याच तपशिलात पाहिलं. पण बंद केलेलं जनुक बंदच राहतं कसं, हे जास्त अवघड काम आहे आणि त्याचं श्रेय फार कमी मिळतं.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून राहू. फळमाशी म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंघावणारं ते चिलट. तिच्या छातीचे तीन खंड असतात. दुसऱ्या खंडावर पंखांची जोडी असते. तिसऱ्यावर पंखांच्या जागी टोकाला गोळा असलेली टाचणी खोचावी तसे दोन छोटे अवयव असतात, त्यांना हॉल्टिअर म्हणतात. उडताना ते पंखांबरोबर हलतात आणि तोल सांभाळतात. पंख आणि हॉल्टिअर यांतला फरक ठरवतं ‘अल्ट्राबायथोरॅक्स’ नावाचं जनुक. नाव लांबलचक आहे, आपण त्याला ‘अल्ट्रा’ म्हणू. तिसऱ्या खंडात अल्ट्रा चालू असतं, म्हणून हॉल्टिअर होतो. दुसऱ्यात बंद, म्हणून पंख होतो. १९१५ मध्ये आनुवंशशास्त्रज्ञ थॉमस मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत कॅल्विन ब्रिजेस यांना हॉल्टिअर थोडा पंखासारखा झालेली माशी सापडली. पुढे कॅलटेकमध्ये एडवर्ड लुईस यांनी उत्परिवर्तनांची जुळवाजुळव करून तिसऱ्या खंडातलं अल्ट्रा गप्प केलं, तेव्हा चक्क चार पंखांची माशी जन्माला आली. जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तिचा फोटो हमखास असतो. (अल्ट्रा म्हणजे ‘पंख नको’ असा सरसकट हुकूम नव्हे बरं का. मधमाशीच्या मागच्या पंखातही हे जनुक चालू असतं आणि तरी तिथं पंखच होतो. हुकूम तोच, पण बजावणी कोणत्या जनुकांवर होते ते बदललं. पुण्याच्या आयसरमध्ये एल. एस. शशिधर यांच्या गटानं हीच तुलना केली आहे.)

तर दुसऱ्या खंडातल्या पेशींचं काम अल्ट्रा बंद ठेवण्याचं. तिसऱ्या तासाला हे काम हंचबॅक करतं. अल्ट्राच्या जवळच्या नियंत्रक पट्ट्यावर ते जाऊन बसतं, आणि जिथं ते आहे तिथं अल्ट्रा सुरू होत नाही. मग हंचबॅक जातं. अल्ट्रा तरी बंदच राहतं.

ते कसं, याचं उत्तर डीएनएच्या अक्षरांत सापडत नाही, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडातल्या पेशींमधली अक्षरं हुबेहूब सारखी. उत्तर आहे ती अक्षरं ज्यात गुंडाळली आहेत त्या बांधणीत. तिचं नाव क्रोमॅटिन. कील विद्यापीठातले वाल्टर फ्लेमिंग सॅलमँडरच्या अळ्यांच्या पेशी रंगवून पाहत होते. केंद्रकातला जो पदार्थ रंग घट्ट धरून ठेवायचा, त्याला त्यांनी ग्रीक ‘क्रोमा’वरून, म्हणजे रंगावरून, हे नाव दिलं. १८८२ च्या त्यांच्या पुस्तकातून ते रूढ झालं. रंग का धरतो, याचा त्यांना पत्ता असण्याचं कारण नव्हतं.

आता आकडे पाहा. माणसाच्या एका पेशीतला डीएनए ताणून सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो आणि केंद्रक असतं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. तो मावतो, कारण तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोन मिळून एक रीळ, त्यावर १४७ अक्षरांचा डीएनए पावणेदोनच्या आसपास वेढे घेतो, मग थोडी मोकळी दोरी, मग पुढचं रीळ. माणसाच्या एका पेशीत अशी तीनेक कोटी रिळं. एडा आणि डोनाल्ड ओलिन्स या दांपत्यानं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दोरीत ओवलेल्या मण्यांसारखी त्यांची चित्रं १९७४ मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षी रॉजर कॉर्नबर्ग यांनी एका मण्यात काय काय असतं याचा हिशेब मांडला. या मण्याला न्यूक्लिओसोम म्हणतात.

नुसती जागा वाचवणं एवढंच हे काम असतं तर हा भाग मी लिहिलाच नसता. जुन्या दप्तरखान्यात कागद रुमालात बांधून ठेवत, ते आठवा. कागद जाग्यावर आहे, अक्षरही शाबूत आहे, पण रुमालाची गाठ सुटल्याशिवाय त्याचा उपयोग शून्य. जनुकाचं तसंच आहे. जे प्रथिन त्याला वाचणार, त्याला अक्षरांपर्यंत पोचता आलं पाहिजे. शिवाय हिस्टोनांना शेपट्या असतात. रिळातून बाहेर लोंबणाऱ्या या शेपट्यांवर पेशीतली इतर प्रथिनं बारीकसारीक रासायनिक खुणा चिकटवतात आणि काढतात. त्यांना शेरे म्हणायला माझी हरकत नाही. कागदाच्या समासात साहेब दोन शब्दांचा शेरा मारतो. मजकूर तोच राहतो, पण पुढं त्या कागदाचं काय व्हायचं ते त्या दोन शब्दांनी ठरतं. हिस्टोनांवरचे असे शेरे आणि जनुकांचं वाचन यांचा काही संबंध असावा, असं व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधून १९६४ मध्येच सुचवलं होतं. लोकांना ते गंभीरपणे घ्यायला पुढं तीसेक वर्षं लागली.

आता अल्ट्राकडे परत. त्यासाठी १९४७ मध्ये जावं लागेल, आणि पंख सोडून पायांकडे पाहावं लागेल.

नर फळमाशीच्या फक्त पुढच्या पायांवर जाड काळ्या केसांची एक छोटी फणी असते. समागमाच्या वेळी मादीला धरायला तिचा उपयोग होतो. एडवर्ड लुईस यांच्या पत्नी पॅमेला लुईस यांना एक असा नर सापडला, ज्याच्या मधल्या आणि मागच्या पायांवरही फण्या होत्या. त्यांनी या उत्परिवर्तनाला नाव दिलं ‘पॉलिकोंब’, म्हणजे अनेक फण्या. नोंद काही ओळींची. आज पॉलिकोंब हा शब्द कर्करोगाच्या रुग्णालयांपासून वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळांपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. त्याचं मूळ एका माशीच्या पायावरच्या केसांत आहे.

त्या माशीत जनुकाची एकच प्रत बिघडलेली होती. दोन्ही प्रती बिघडल्या तर गर्भ जगत नाही, पण मरण्यापूर्वी तो जे दाखवतो ते विलक्षण असतं. छातीचे आणि पोटाचे सगळे खंड पोटाच्या शेवटच्या, आठव्या खंडासारखे दिसू लागतात. जणू गावातल्या प्रत्येक घरावर एकाच घराचा क्रमांक लिहिला. लुईस यांनी १९७८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात याचा अर्थ लावला: पॉलिकोंब नसेल तर अल्ट्रा आणि त्याची भावंडं सगळीकडे सुरू होतात, अर्थात पॉलिकोंबचं काम त्यांना दाबून ठेवण्याचं. पुढं आणखी बारकाईनं पाहिल्यावर कळलं की पॉलिकोंब नसलेल्या गर्भातही पहिल्या काही तासांत अल्ट्रा योग्य जागीच सुरू होतं. गोंधळ नंतर माजतो, हंचबॅक आणि मंडळी निघून गेल्यावर. म्हणजे पत्ता ठरवणं हे पॉलिकोंबचं कामच नाही. दुसऱ्यानं ठरवलेलं पुसू न देणं हे त्याचं काम. साहेबाची बदली झाली तरी त्याचा शेरा जपणारा कारकून म्हणा.

आणि शेरा कोणता? पॉलिकोंब हे एकच प्रथिन नाही, तो प्रथिनांचा एक मोठा गट आहे, आणि त्यातली काही मिळून एक यंत्र बनवतात. २००२ मध्ये चार प्रयोगशाळांना जवळपास एकाच वेळी कळलं की हे यंत्र एच-थ्री नावाच्या हिस्टोनच्या शेपटीवर, सत्ताविसाव्या जागेवरच्या लायसिन या अमिनो आम्लाला, तीन मिथाइल गट लावतं. ज्या जनुकावर हा शेरा पसरलेला, ते जनुक बंद. सरकारी कचेरीत एखाद्या प्रकरणावर ‘दप्तरी दाखल’ असं लिहिलं की ते पुन्हा टेबलावर येत नाही. हा तसला शेरा आहे.

पण थांबा. शेरा आहे आणि जनुक बंद आहे, एवढ्यावरून शेऱ्यामुळं जनुक बंद आहे असं कसं म्हणायचं? बंद घराच्या दारात धूळ साचते; धुळीमुळं घर बंद पडत नाही. हा आक्षेप अनेक जाणकार घेत होते आणि तो रास्त होता. पॉलिकोंब यंत्र बिघडवून पाहणं पुरेसं नव्हतं, कारण ते आणखीही काही करत असेल. खरी परीक्षा एकच: यंत्र शाबूत ठेवायचं, पण शेरा मारायला जागाच ठेवायची नाही. एच-थ्रीच्या सत्ताविसाव्या जागेवर लायसिनच्या ऐवजी आर्जिनिन बसवायचं. त्यावर तो शेरा उमटत नाही.

बोलायला सोपं. माणसात किंवा उंदरात हिस्टोनांची जनुकं अनेक ठिकाणी विखुरलेली आहेत, ती सगळी बदलायची कशी? इथं फळमाशी पुन्हा कामाला आली. तिच्यात हिस्टोनांची जनुकं शंभराच्या आसपास प्रतींत आहेत, पण सगळ्या एकाच जागी रांगेनं. ती पूर्ण रांग काढून टाकायची आणि बदललेल्या हिस्टोनांची नवी रांग घालायची. जर्मनीतल्या गटांनी हे साधलं आणि २०१३ मध्ये युर्ग म्युलर व सहकाऱ्यांनी निकाल छापला. ज्या पेशींत शेरा मारायला जागा नव्हती, तिथं पॉलिकोंब यंत्र असूनही अल्ट्रासारखी जनुकं नको तिथं सुरू झाली. या सगळ्या कथेतला मला सर्वांत देखणा वाटणारा प्रयोग हा. पूर्ण जनुकसंचात हिस्टोनमधलं एक अमिनो आम्ल बदललं, आणि पेशी पत्ता विसरल्या.

आता उरला स्मृतीचा प्रश्न, आणि दप्तरखान्याची उपमा इथं जरा तोकडी पडते. खऱ्या दप्तरखान्यात रुमाल वर्षानुवर्षं तसाच राहतो. पेशीत दर विभाजनाच्या वेळी सगळं दप्तर उघडावं लागतं. प्रत्येक कागदाची नक्कल होते, रिळं सुटतात, आणि जुनी रिळं दोन नकलांमध्ये निम्मी-निम्मी वाटली जातात. उरलेल्या जागा नव्या, कोऱ्या रिळांनी भरल्या जातात. म्हणजे विभाजनानंतर प्रत्येक लेकीकडे ‘दप्तरी दाखल’ची निम्मीच पत्रं. पुन्हा विभाजन, पाव. दहा पिढ्यांनी हजारात एक उरेल.

यावर पेशीचा तोडगा असा की शेरा मारणारं यंत्रच शेरा वाचूही शकतं. त्याचा एक भाग आधीच्या शेऱ्याला चिकटतो, आणि चिकटला की यंत्राला जोर चढतो, ते शेजारच्या कोऱ्या रिळांवर तोच शेरा मारत सुटतं. २००९ मध्ये हे दाखवलं गेलं आणि अनेकांना वाटलं, चला, प्रश्न सुटला: जुना शेरा पाहून नवा शेरा, पिढ्यानपिढ्या. मलाही तेव्हा ते पटलं होतं.

२०१७ मध्ये दोन गटांनी हे ताणून पाहिलं, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गॅरी स्ट्रूल यांनी आणि म्युनिकजवळ मार्टिन्सरीडला म्युलर यांच्या गटानं. अल्ट्राजवळ डीएनएचे काही छोटे तुकडे आहेत, पॉलिकोंबच्या मंडळींना तिथंच बसायला जागा मिळते. या तुकड्यांना आपण खुंट्या म्हणू. प्रयोग असा: खुंटीच्या मदतीनं जनुक आधी रीतसर बंद होऊ द्यायचं, शेरे नीट पसरू द्यायचे, आणि मग वाढत्या अळीत ती खुंटी कापून काढायची. शेरे स्वतःच्या बळावर टिकत असतील तर खुंटी गेल्यानं फरक पडायला नको.

झालं काय? लगेच काहीच नाही. जनुक बंदच राहिलं, शेरेही दिसत राहिले. पण प्रत्येक विभाजनाबरोबर ते विरळ होत गेले, आणि काही पिढ्यांनंतर जनुक जागं झालं. म्हणजे शेऱ्यांना खरोखर थोडी स्मृती आहे. खुंटी नसतानाही ते काही पिढ्या तग धरतात, आणि आहेत तोवर जनुकाला दाबून ठेवतात. पण दर पिढीत निम्मा होणारा साठा भरून काढायला खुंटी लागतेच. नुसता शेरा पाहून शेरा मारणारं यंत्र इथं पुरं पडत नाही. स्मृती शेऱ्यात आहे की डीएनएच्या अक्षरांत, या वादाला माशीनं दिलेलं उत्तर दोन्ही बाजूंना थोडं निराश करणारं आहे, आणि म्हणून मला ते विश्वासार्ह वाटतं. खुंटी सगळ्या पेशींत असते, शेरा काहींतच. कोणत्या पेशींत पडायचा ते तिसऱ्या तासाच्या हुकुमानं ठरलं. टिकवून धरायला मात्र दोघंही लागतात.

मग तिसऱ्या खंडाचं काय? तिथंही त्याच खुंट्या आहेत आणि पॉलिकोंबही आहे, तरी अल्ट्रा चालू राहतं. तिथं दुसरा गट कामाला असतो, ट्रायथोरॅक्स. त्याचं वर्णन बहुतेक ठिकाणी ‘जनुकं चालू ठेवणारा’ असं करतात. पण म्युलर यांच्याच गटाचं २००४ चं काम वाचलं की चित्र बदलतं. माशीत पॉलिकोंब आणि ट्रायथोरॅक्स गटातली प्रथिनं, दोन्ही काढून टाकली, तरी अल्ट्रा सुरूच राहतं. म्हणजे सुरू ठेवायला ट्रायथोरॅक्सची गरज नव्हती. पॉलिकोंबच्या हाताला धरून ‘इथं शेरा मारू नकोस’ म्हणायला होती. पेशीची सहज वृत्ती दप्तरी दाखल करण्याची. जे जनुक त्या पहिल्या तासांत चालू होतं, त्याला तेवढी सूट मिळते.

एक खुलासा इथंच करतो. हा सगळा अभ्यास ‘एपिजेनेटिक्स’ या नावाखाली येतो. शब्द १९४२ मध्ये कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी काढला. त्यांचे वडील दक्षिण भारतात चहाच्या मळ्यावर होते आणि वॉडिंग्टन यांची अगदी लहानपणची वर्षं इकडेच गेली. गर्भातली जनुकं आणि प्रत्यक्ष घडणारं शरीर यांच्या मधल्या घडामोडी, एवढाच त्यांचा मूळ अर्थ होता. हल्ली गरोदर बायकांसाठीच्या वर्गांच्या जाहिरातींत हा शब्द फार सैलपणे वापरलेला दिसतो. आईनं अमुक ऐकलं की बाळाच्या जनुकांवर तमुक शेरा पडतो, असं वरच्या कुठल्याही प्रयोगातून निघत नाही.

माशी सोडून आपल्याकडे यायचं तर अल्ट्राची भावंडं, म्हणजे हॉक्स जनुकं, माणसात आणि उंदरात ३९ आहेत, चार गुणसूत्रांवर चार रांगांत. रांगेतला क्रम आणि शरीरातला क्रम एकच: एका टोकाची मानेकडे, दुसऱ्या टोकाची शेपटीकडे. स्वित्झर्लंडमधल्या डेनी दुबूल यांच्या गटानं २००९ मध्ये वाढत्या उंदराच्या गर्भात या रांगांवरचे शेरे पाहिले. सुरुवातीला रांगेवर ‘दप्तरी दाखल’चं पांघरूण होतं. मग शेपटीकडच्या वाढत्या भागात, काळ सरेल तसं ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उलगडत गेलं आणि जनुकं एकामागून एक जागी झाली. पोथी सोडावी तशी, पानामागून पान. मानेच्या पेशी जिथं थांबतात तिथवरचीच पानं त्यांच्याकडे उघडी राहतात. शेरा मारणाऱ्या यंत्राचा मुख्य भाग आपल्यात ईझेडएच-टू नावाचा आहे. त्याच्या जनुकात जन्मतःच विशिष्ट बिघाड असेल तर वीव्हर सिंड्रोम होतो, मुलं वयाच्या मानानं फार उंच वाढतात आणि हाडांचं वय पुढं धावतं.

आजवर आपण जनुक आणि त्याच्या जवळपासची खुंटी एवढ्यातच फिरलो. पुढच्या आठवड्यात अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, की वेस्ट बेटावर, अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या जुन्या घरी जायचं आहे. तिथल्या अंगणात सहा बोटांची मांजरं हिंडतात. त्यांच्या जास्तीच्या बोटाचं कारण बोटांची आखणी करणाऱ्या जनुकात नाही. ते आहे त्याच्यापासून दहाएक लाख अक्षरं लांब, भलत्याच एका जनुकाच्या पोटात.